जपानी लोढणं

“माणसाच्या वेगाला मर्यादा घालणं म्हणजे त्याच्या आत्म्याला कुंपण घालणं,” असं रंगराव शिंत्रे म्हणाला, आणि त्याच क्षणी त्याची गाडी ग्रामपंचायतीसमोरच्या गतिरोधकावर पोटावर बसली.

पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे आणि मधे आत्म्यासकट आम्ही दोघं. इंजिन वाघासारखं गुरगुरत होतं. वाघ हलत मात्र नव्हता.

“फळ्या!” रंगरावनं काच खाली करून हाक मारली.

पतसंस्थेच्या पायरीवर बसलेले चौघे उठले. गाडी गावात येऊन पंधरवडा झाला होता आणि गावाला आता सराव झाला होता. पायरीशेजारी दोन फळ्या कायमच्या उभ्या करून ठेवलेल्या असत. दोघांनी गाडी मागून उचलल्यासारखी केली, दोघांनी चाकांखाली फळ्या सारल्या.

“हां, तर मी काय म्हणत होतो,” रंगराव म्हणाला. “आत्मा.”

“आधी फळ्यांवरनं उतर,” मी म्हणालो. “मग आत्म्याचं बघू.”

आमची चिंचवाडी अशा जागी आहे की सांगलीवाले तिला कोल्हापूरची समजतात आणि कोल्हापूरवाले सांगलीची. त्यामुळे तिथं कुणी फारसं येत नाही. अशा गावात ही लाल, ठेंगणी, जपानी गाडी आली ती मुंबईच्या एका चित्रपट निर्मात्याकडून. त्याचा चित्रपट पडला, म्हणून त्यानं गाडी विकायला काढली. रंगरावचं बरं चाललं होतं, म्हणून त्यानं ती घेतली.

रंगरावचा धंदा अंड्यांचा. शाळेत तो माझ्या बाकावर बसायचा. पुढं मी गावात छापखाना टाकला, एक साप्ताहिक काढलं आणि लोकांच्या शिव्या खाल्ल्या. त्यानं कोंबड्या पाळल्या आणि चार जिल्ह्यांना अंडी खाऊ घातली. अंड्यांच्या धंद्यात एकच शहाणपण असतं, ते म्हणजे घाई न करणं. रंगरावच्या टेम्पोच्या चालकाला कुणी ओव्हरटेक करताना पाहिलं की त्या चालकाची नोकरी गेलीच म्हणून समजावं. सायकलस्वार त्याच्या टेम्पोला मागं टाकून जात, आणि जाताना चालकाची विचारपूस करीत. असा हा माणूस आता रोज सकाळी माझ्या छापखान्यात येऊन वेगावर प्रवचन देत होता.

कारण असं, की त्या गाडीत एक खोट निघाली होती. जपानी कारखानदारांनी म्हणे आपसात ठरवलेलं, की आपल्या गाडीला ताशी एकशेऐंशीच्या पुढं जाऊ द्यायचं नाही. ताकद भरपूर द्यायची, पण तिथं पोचली की आतूनच गळा आवळायचा. हे रंगरावला गाडी घेतल्यावर कळलं.

“तू आजवर जास्तीत जास्त किती जोरात चालवलीस?” मी विचारलं.

तो जरा घुटमळला. “पंचावन्न.”

“मग एकशेऐंशीचा तुला त्रास कुठं होतोय?”

“संपादक, प्रश्न तत्त्वाचा हाय.”

पंचावन्नच्या वर कधी न गेलेला माणूस तत्त्वाची भाषा बोलायला लागला, की आपण ओळखावं, दुखणं दुसरीकडंच आहे.

दुखणं कुठं आहे ते मला त्या संध्याकाळी कळलं. रंगराव मला त्याच्या वडिलांकडे घेऊन गेला. “तू नुसता उभा ऱ्हा,” म्हणाला, “कुणी परकं असलं की आबा शिव्या कमी देतात.”

आबा म्हणजे बळवंत आबा शिंत्रे. एकेकाळी बैलगाडीच्या शर्यतीत त्यांच्या जोडीला मिरज ते कागल कुणी गाठू शकत नसे, असं आबा सांगत. ते ऐंशी ओलांडलेले होते, त्यामुळे खोडून काढायला त्या काळचं कुणी उरलं नव्हतं. शर्यतींना बंदी येऊन काळ लोटला होता, गोठ्यात एकच म्हातारी जोडी शिल्लक होती, आणि त्यांची बैलगाडी हल्ली इतकी सावकाश जाई की आत बसलेले लोक पाय मोकळे करायला उतरून शेजारून चालत. पण हे आबांसमोर बोलायची कुणाची छाती नव्हती. शर्यतीच्या बैलवाल्याच्या पोटी कोंबडीवाला निपजला, ही त्यांच्या आयुष्यातली ठसठस होती. मुलानं पहिली स्कूटर घेतली, तिच्यावर आबा बसले नाहीत. जीप घेतली, तिला पाय लावला नाही. छातीत कफ झाला तेव्हा दवाखान्यातही गेले ते बैलगाडीतूनच. डॉक्टर म्हणाले, अजून जरा उशीर झाला असता तर... आबा म्हणाले, झाला न्हाई न्हवं?

आबा गोठ्यात बैलाची पाठ घासत होते.

“आबा, औंदा दसऱ्याला सीमोल्लंघनाला माझ्या गाडीतनं चला,” रंगराव म्हणाला.

“अंड्याच्या?”

“अंड्याची न्हाई. जपानची हाय.”

“जपानात अंडी न्हाईत व्हय?”

रंगरावनं माझ्याकडं पाहिलं. सांगितल्याप्रमाणे मी नुसता उभा राहिलो.

“पळती किती?” आबांनी बैलाला विचारल्यासारखं विचारलं.

“एकशेऐंशी!”

“आन् म्होरं?”

“म्होरं... म्होरं कंपनीनं अडवलीय. तिच्यात ताकद हाय आबा, लई हाय, पर कंपनी सोडत न्हाई.”

आबांचा हात थांबला. “म्हंजे लोढणं बांदलंय.”

ओढाळ गुराच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवतात, त्याला आमच्याकडं लोढणं म्हणतात. जनावर पळायला लागलं की ओंडका त्याच्या गुडघ्यांवर आदळतो, मग ते आपोआप सज्जन होतं.

“लोढण्याचं जनावर इकत आणलंस,” आबा म्हणाले, “आन् त्यात बापाला बसवतोस? गावाम्होरं? आदी त्ये काड. मग इचार.”

बाहेर आल्यावर रंगरावनं माझा दंड इतका दाबला की मला वाटलं, आता रडतो.

“ऐकलंस? ‘मग इचार’ म्हणालं!”

“मग?”

“अरं, आजवर ‘न्हाई’शिवाय शब्द न्हाई. एकदा, संपादक. एकदा माझ्या शेजारी बसावं त्यांनी. म्हातारं झालंय आता. किती दसरे ऱ्हायलेत कुणाला ठाऊक.”

“आणि शाब्बास म्हणावं?”

“ते न्हाई म्हणालं तरी चालंल,” रंगराव म्हणाला. चालणार नाही, हे त्याच्या कानांच्या पाळ्यासुद्धा सांगत होत्या.

तर अशा रीतीनं जपानमधल्या मोठमोठ्या अभियंत्यांनी एकत्र बसून घेतलेला निर्णय चिंचवाडीच्या एका गोठ्यात फिरवण्यात आला.

लोढणं काढायला सर्जेराव सुतार आला. सर्जेराव दुबईहून परतलेला होता. तिथं तो काय करायचा हे कुणाला माहीत नव्हतं आणि तो सांगत नसे, त्यामुळे त्याच्याविषयी आदर होता. येताना त्यानं काळा चष्मा आणि लॅपटॉप आणला होता. गावातल्या ट्रॅक्टरांच्या गाण्यांचा आवाज वाढवून देणं, हे त्याचं इकडं आल्यानंतरचं कार्य.

“काका, गाडीचा मेंदू काढावा लागंल,” त्यानं काळा चष्मा न काढता निदान केलं.

मेंदू म्हणजे पानाच्या डब्याएवढी एक चपटी पेटी निघाली. सर्जेरावनं ती शिंत्र्यांच्या घरात, पुढच्या सोप्यात आणून तिचं झाकण उघडलं. आत मुंग्यांच्या वारुळासारखा बारीक पसारा होता.

“ह्यात लिवलेलं असतंय,” तो म्हणाला. “एकशेऐंशी झालं की थांब. आपण तेवढी एक ओळ पुसायची. दुबईत तर शेख लोक हे चहा पिता पिता करून घेतात.”

“तू केलंयस?”

“मी चहा पिलोय,” सर्जेराव म्हणाला. त्याच्या प्रामाणिकपणाविषयी माझी तक्रार कधीच नव्हती.

लॅपटॉपच्या तारा पेटीला जोडून त्यानं दीड दिवस काहीतरी केलं. नवमीला दुपारी त्यानं लॅपटॉप मिटला. “ओळ पुसली. आता झाकण लावायचं आन् पेटी बसवायची, की झालं.”

“मग लाव की,” रंगराव म्हणाला.

सर्जेरावनं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. “काका, आज खंडेनवमी. हत्यारं पूजेला बसली.”

“अरं, चार स्क्रूचं काम!”

“चार असूंद्या न्हाईतर अर्धा. आज पान्याला हात लावला तर वर्षभर हात चालत न्हाई. उद्या सकाळी उचलतो.”

त्या घरात कोंबडीवाला, शर्यतवाला, दुबईकर आणि पत्रकार असे चार भिन्न विचारांचे लोक होते. एका बाबतीत मात्र चौघांचंही एकमत झालं, की पूजेला बसलेलं हत्यार उचलायचं नाही. तसं पाहिलं तर हे एकमतच नडलं.

सोप्यात पाट मांडला होता. त्यावर पणजोबांची गंजकी तलवार, आबांचा चाबूक, कोयते, अंडी तपासायचा दिवा, सर्जेरावचे पाने, त्याचा लॅपटॉप आणि शेवटी ती उघडी पेटी. रंगरावची बायको शालनवहिनी ताट घेऊन आल्या.

“भावजी, ह्यो कोण पावणा?” त्यांनी पेटीकडं बोट केलं.

“गाडीचा मेंदू,” मी म्हणालो.

“असा उघडा?” वहिनींनी नवऱ्याकडं पाहिलं. “बरं झालं. ह्या घरात कुणाचा तरी दिसला एकदाचा.”

त्यांनी तलवारीला हळदकुंकू वाहिलं, चाबकाला वाहिलं. लॅपटॉपपाशी आल्या तेव्हा सर्जेराव पुढं सरकला. “काकी, ह्याला नुसता टिळा. बाहेरनं.”

“आणि पेटीला?” मी विचारलं.

“पेटी जपानी हाय,” सर्जेराव म्हणाला. “जपानी मालाला काय व्हत न्हाई.”

तेवढ्यानं रंगरावचं समाधान झालं नाही. सगळ्या पाटावर त्याच्या दृष्टीनं पूजा होती ती त्या पेटीची. तिच्यावर फुलानं दूध शिंपडलं गेलं. हळद पडली. कुंकू पडलं. वर अक्षता पडल्या. मग त्यानं नारळ घेतला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटला, नारळ पाटाच्या कडेवर आपटला आणि सगळ्या हत्यारांवर पाण्याची धार धरली. तलवारीवर थेंबभर, कोयत्यांवर थेंबभर, उरलेलं सगळं मेंदूवर.

“रंगराव, जरा बेतानं,” मी म्हणालो.

“देवाचं करताना हात आखडू नये, भावजी,” वहिनी म्हणाल्या.

माझ्या मनात आणखी एक शंका आली होती, पण तेवढ्यात ताटं वाढली गेली. खंडेनवमीचं मटण समोर आलं की शंकेला जागा राहत नाही.

दसऱ्याला सकाळी सर्जेरावनं पाटावरून पेटी उचलली तेव्हा ती चिकट लागली. अक्षता त्यानं चिमट्यानं वेचल्या. वहिनींच्या लेकीचं केस वाळवायचं यंत्र आणून आत गरम वारा घातला. सोप्यात खोबऱ्याच्या वड्या करत असल्यासारखा वास सुटला. मग झाकण लावलं, पेटी गाडीत बसवली आणि रंगरावनं किल्ली फिरवली.

गाडी गर्जली. गोठ्यातले बैल दावं तोडायला लागले. रंगरावच्या डोळ्यांत पाणी आलं.

“हा पिवळा दिवा कसला लागलाय?” मी समोरच्या फळीकडं बोट करून विचारलं.

“तो व्हय?” सर्जेरावनं चष्मा नाकावर वर सरकवला. “मेंदू मोकळा झालाय न्हवं. त्याला आता काय करू आन् काय नको, असं झालंय.”

सीमोल्लंघनासाठी बायपासचा रस्ता ठरला. हा रस्ता तयार होऊन वर्ष झालं होतं. उद्घाटनाला मंत्र्यांना सवड नव्हती, म्हणून तो बंद होता, आणि बंद होता म्हणून चांगला होता. गावची शीव त्या रस्त्यावरच येते. शिवेपलीकडच्या माळावर आपट्याचं झाड आहे. दर दसऱ्याला आबा तिथवर बैलगाडीनं जात आणि सोनं लुटून येत. सारं गाव रस्त्याच्या तोंडाशी जमलं होतं.

आबा आले. फेटा बांधलेला, मिशांना तेल लावलेलं. ते गाडीजवळ उभे राहिले आणि त्यांनी खाली पाहिलं. गाडीचं छप्पर त्यांच्या कमरेला लागत होतं.

“ह्यात बसायचं, का ह्ये नेसायचं?”

लोक हसले. रंगरावही हसला.

“लोढणं काडलंस?”

“काडलं, आबा.”

“शपथ?”

“ज्योतिबाची.”

आबांनी जोडे काढले, गाडीला हात लावून तो कपाळाला लावला आणि तिघांच्या मदतीनं आत उतरले. होय, उतरलेच. विहिरीत उतरतात तसे. साक्षीदार म्हणून मला मागं घातलं. वेगवान गाड्यांची मागची सीट ही विकताना दाखवायची वस्तू असते. माझे गुडघे माझ्या हनुवटीला टेकले आणि त्या अवस्थेत मी इतिहासाची वाट पाहू लागलो.

“चांगभलं!” बाहेरून आरोळी उठली. रंगरावनं पाय दाबला.

आवाज असा झाला की माळावरचे सगळे बगळे उडाले. धुरळा उठला. गाडी उसळली, वीस झाली, तीस झाली, अडतीस झाली.

आणि अडतीसच राहिली.

रंगरावनं पाय आणखी दाबला. आवाज वाढला. काटा अडतीसवर. त्यानं पाय पार तळाला नेला, कमरेतून उठून दाबला, दातओठ खाल्ले. इंजिन आक्रोश करत होतं, सगळी गाडी पत्र्याच्या डब्यासारखी थरथरत होती, पिवळ्या दिव्याशेजारी आता एक लाल दिवा लागला होता आणि काटा अडतीसवर ध्यानस्थ बसला होता. मेंदू मोकळा झालेला नव्हता. घाबरला होता. अशा गाड्यांची बुद्धी बिघडली की त्या स्वतःला जपतात आणि घरी पोचण्यापुरतंच चालतात, हे मला फार पुढं कळलं. जपान्यांनी एकशेऐंशीला बांधलेलं लोढणं आम्ही यशस्वीपणे सोडवून अडतीसला बांधलं होतं.

रंगरावनं आरशातून माझ्याकडं पाहिलं. मी त्याला लहानपणापासून ओळखतो. गणितात नापास झाला तेव्हाही तो असा दिसला नव्हता.

मागून एक मोपेड आली. दोन बाजूंना दुधाचे कॅन, मधे दूधवाला. त्याला आमच्या बरोबरीला यायला फार कष्ट पडले नाहीत.

“सोनं घ्या, सोन्यासारखं ऱ्हावा!” त्यानं खिडकीशी वाकून आबांना नमस्कार केला. आबांनी मान वळवली नाही. दूधवाला जरा थांबला, मग निरोप घेऊन पुढं निघून गेला. एक कुत्रं भुंकत शेजारून धावायला लागलं. थोडं अंतर आलं, आणि मग त्याला दुसरं काही काम आठवलं असावं.

मागून मला आबांचा चेहरा दिसत नव्हता. दिसत होती ती ताठ झालेली मान, मानेवरची टच्च फुगलेली शीर आणि फेट्याचा थरथरता शेमला. त्यांच्या उजव्या मुठीत रंगरावच्या नव्या सदऱ्याची बाही होती आणि ती दंडापाशी उसवत चालली होती. हे संतापानं थरथरताहेत, मी मनाशी म्हणालो. पणजोबांची तलवार पाटावर राहिली, ते बरं झालं. गाव मागून बघत होतं. आज संध्याकाळी पतसंस्थेच्या पायरीवर काय बोललं जाणार, याचे मथळे मला दिसू लागले, आणि सवयीनं त्यातला एक मला आवडलाही.

शिवेचा दगड आला. शेंदूर फासलेला, झेंडूची माळ घातलेला. तो आम्हाला नीट पाहता आला, त्याच्यावर बसलेला सरडासुद्धा पाहता आला. दगड मागं गेला. सीमोल्लंघन झालं.

रंगरावचा चेहरा घामानं भिजला होता. तो एकदम म्हणाला, “आबा, चुकलं माझं. माझ्याच्यानं न्हाई झालं. त्ये लोढणं...”

“गप!” आबा ओरडले.

मी हळूच मान तिरकी करून पुढं डोकावलो. आबांचे डोळे घट्ट मिटलेले होते. ओठ हलत होते. ते नावं घेत होते. ज्योतिबा झाला, अंबाबाई झाली, मग नरसोबा. दोन्ही पाय त्यांनी समोरच्या फळीला रोवले होते, जणू जोडी उधळलीय आणि कासरा हातातून सुटलाय. जमिनीपासून वीतभर उंचीवर बसून, त्या आवाजात, आयुष्यात पहिल्यांदा मोटारीत बसलेला हा शर्यतवाला भीतीनं पांढरा पडला होता.

रंगरावनं ते पाहिलं. त्याचा पाय अजून तळालाच होता. तो काढावा की ठेवावा, हे त्याला कळेना.

“म्होरं बग,” डोळे न उघडताच आबा म्हणाले. मग त्यांचा आवाज खाली आला. इतका खाली, की तो आवाज त्यांना आहे हे मला माहीत नव्हतं.

“आन् लेकरा, जरा हळू हाक.”